नऊ मिनिटांचा घास

"अण्णा, सुई घेतलासा तर खायाच पाहिजे बघा. स्वल्पसुद्धा चुकायचं नाही." शिवलीला दारातूनच बोलली. ती शेजारच्या खोलीत राहायची, निपाणीकडची, दवाखान्यात नर्स. रोज सकाळी एझ्रांना इन्शुलिनची सुई तीच द्यायची.

"सरी, सरी," एझ्रा हसले. "उद्या मीच टोचून घेईन. आमचं दार बंद असणार. ठोठावलंस तरी उघडायचं नाही."

"असला कसला सण म्हणायचा, अक्का?"

एझ्रांच्या बायकोने, सिपोराबाईंनी, तिला समजावलं. बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी, घरांत किप्पूरच्या, प्रायश्चित्ताच्या, उपासाला दारफळणी म्हणतात. आदल्या संध्याकाळी दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावर उघडायचं. अन्न नाही, पाणी नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणं नाही. वर्षभराचा माणूस देवापुढे उभा करायचा. बसवनगुडीतल्या त्या गल्लीत, किंबहुना साऱ्या बेंगळुरात, दारफळणी पाळणारं दुसरं मराठी घर एझ्रांना ठाऊक नव्हतं.

एझ्रा कोर्लेकर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासनीस होते. केसाएवढा फरक असला तरी सुटा भाग बाजूला काढायचे. जेवणही तसंच मोजून. ताटाचा चौथा कोपरा कायम मोकळा. डब्याच्या वेळी हरी मेस्त्री चिडवायचा, "कोर्लेकर, तो कोपरा भाड्याने देता काय?" एझ्रा म्हणायचे, "तिथे भाडेकरू आहे. दिसत नाही तुला." आणि सणावाराला पेटी पुढे ओढून ते कीर्तन करायला बसले, की त्यांचं लाडकं पद हेच असायचं:

*भरू नको रे रांजण काठोकाठ,*
*हातभर ठेव मोकळा, तिथे देवाचा पाट.*

मग निरूपण. भूक नसताना खाऊ नये, भूक उरलेली असतानाच उठावं. देह आपल्या मालकीचा नाही, वापरायला मिळालाय, जपून परत करायचा. गोड गळ्याचा माणूस. ऐकणारे चारच असायचे, पण चौघांच्याही डोळ्यांत पाणी यायचं.

यंदा डॉक्टरांनी उपासाला साफ नाही म्हटलं. सिपोराबाईंनी मुंबईच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझानना पत्र टाकलं. उत्तर आलं: जीव आधी, उपास नंतर. आजाऱ्याने खाल्लंच पाहिजे, ती आज्ञाच आहे. खारकेहून लहान घास घ्यावा, नऊ मिनिटं थांबावं, मग दुसरा.

एझ्रांनी पत्र दोनदा वाचलं आणि प्रार्थनेच्या पुस्तकात घातलं. "एक्केचाळीस वर्षं एक दारफळणी मोडली नाही मी."

"मोडायची कुठे? मोजून पाळायची. मोजणं तुम्हाला शिकवायचं की काय मी?"

"बघ, माझंच कीर्तन मला ऐकवतेस."

पण आदल्या दिवशी ऊन उतरायच्या आत स्वतःच खजूर घेऊन बसले. बी काढून, सुरीने सारखे चाळीस तुकडे केले. स्टीलच्या डब्यात चार रांगा लावल्या. सिपोराबाईंचा जीव भांड्यात पडला. मग पांढरे कपडे घातले, पेटीवर चादर टाकली, कडी लावली.

सकाळी सातला एझ्रांनी सुई घेतली. पूर्ण घेतली. पश्चिमेच्या भिंतीकडे, जेरुसलेमच्या दिशेला, तोंड करून बसले, प्रार्थनेची शाल डोक्यावरून पुढे ओढली. डबा मांडीशी. सिपोराबाई आतल्या दारात, घड्याळासमोर.

"अहो, आठ वाजले. घ्या."

शालीतून हात बाहेर आला, एक तुकडा उचलून पुन्हा आत गेला.

"नऊ मिनिटं झाली."

पुन्हा हात. असं तासामागून तास. एझ्रांचं प्रार्थना गुणगुणणं चालूच होतं. सिपोराबाईंचा स्वतःचा घसा कोरडा पडलेला, डोळ्यांपुढे काजवे, पण एकही वेळ चुकली नाही. दोनच्या सुमाराला डब्याचा तळ दिसला तेव्हा त्यांनी देवाचे आभार मानले.

गल्ली विचित्र शांत होती. बाहेर पत्र्यावर तेवढा एक कावळा चालत होता.

एझ्रा पद म्हणू लागले. *भरू नको रे रांजण…* आवाज कापरा, ओला. दुसरी ओळ आलीच नाही. पुन्हा पहिली. पुन्हा पहिली. मानेवरून घाम वाहून सदऱ्याची पाठ चिकटली होती. आज गळा भरून आलाय, सिपोराबाईंना वाटलं. कीर्तनात रंगले की त्यांना असाच घाम सुटायचा. त्यांनी पदराने आपले डोळे टिपले.

तीनला दार वाजलं.

"अण्णा! खाल्लासा न्हवं? अक्का?"

सिपोराबाई उठल्या. शालीतून हात वर झाला: नको. त्या जागीच थांबल्या. इतक्या वर्षांत त्या कडीला दारफळणीच्या दिवशी कुणाचा हात लागला नव्हता. आणि चाळीस घास तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी जाताना पाहिले होते.

पुन्हा एकदा थाप. मग चपलांचा आवाज दूर गेला.

"आई," एझ्रा म्हणाले, "दार लाव गं. वारा येतोय."

त्यांची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. दार बंदच होतं.

शाल घसरली. चेहरा राखेसारखा, डोळे उघडे आणि कुठेच न बघणारे. सिपोराबाईंनी धावत जाऊन कडी काढली, दोन्ही फळ्या भिंतीवर आपटल्या. "शिवलीला! अगं शिवलीला!"

ती आली, मिठीत धरून दातांत साखर घालू लागली. साखर ओठांवरच राहिली. ऑटो आली. दवाखान्यात सलाइन लागलं, माणसं धावली, आणि पाचनंतर कुणी धावेनासं झालं. डॉक्टर बाहेर येऊन हळू बोलले. रक्तातली साखर फार वेळ खाली होती. हृदयाने साथ सोडली.

"पण खाल्लं होतं हो त्यांनी," सिपोराबाई म्हणाल्या. "मी मोजलंय."

तिथल्या एका नर्सने एझ्रांच्या कपड्यांचं गाठोडं दिलं. सदऱ्याच्या खिशात रुमालाची पुरचुंडी होती, चिकट. सिपोराबाईंनी बाकावर बसून ती उलगडली. सारख्या मापाचे तुकडे. मोजायची गरज नव्हती, तरी मोजले. चाळीस.

"इतकं ताट राखलंत," त्या रुमालाशीच बोलल्या, "आणि पाटावर बसायला आलेल्या देवालाच उपाशी परत पाठवलंत."

खिडकीबाहेर अंधार उतरला. रस्त्यावरच्या दिव्यांच्या वर तीन चांदण्या दिसल्या. दारफळणी संपली होती. घराचं दार तर दुपारपासूनच सताड उघडं होतं.

शिवलीलाने चहाचा पेला पुढे केला. "अक्का, कालपासून पाणी न्हाई पोटात. एवढं घ्या."

सिपोराबाईंनी पेला बाजूला ठेवला. रुमालातला एक तुकडा उचलला, खाण्याआधीचा आशीर्वाद ओठांत पुटपुटला आणि सावकाश चावून खाल्ला.

"अजून एक घ्या की, अक्का."

सिपोराबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "नऊ मिनिटं होऊ देत."