पिमसाहेबांसाठी एकविसावा हात

इंग्लंडातल्या सफोकच्या त्या शाळेत मी स्वयंपाकीण होते. साल १९२७. घरदार नसलेल्या माझ्यासारख्या बाईला सरकारनं अजून मत दिलं नव्हतं, शाळेनं मात्र दिलं होतं. दर शुक्रवारी सभा भरायची. सात वर्षांच्या पोराला एक मत, मुख्याध्यापिका ऑलिव्हबाईंना एक, आणि मागं बसून बटाटे सोलणाऱ्या मलाही एक. मी कधी हात वर केला नव्हता. म्हटलं, नुसता पोरखेळ.

त्या शुक्रवारी लॅटिनच्या पिमसाहेबांचा निकाल लागायचा होता. साठी उलटलेली, सगळं आयुष्य छडीच्या शाळांत गेलेलं. मेरिएल नावाच्या पोरीनं त्यांच्या वर्गात कोंबडी सोडली आणि ह्यांनी तिच्या थोबाडीत दिली. आमच्याकडे नियम असा, की जो दुसऱ्यावर हात उचलेल त्यानं शाळा सोडायची. पोरांनीच केलेला, आपसातल्या मारामाऱ्यांना कंटाळून. त्यात मोठी माणसंही येतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अहो बाई, म्हातारा जाईल कुठं? टाका ना काढून तो नियम," मी ऑलिव्हबाईंना म्हटलं.

"मी कोण काढणार? नियम सभेचा आहे, काय ते सभाच ठरवेल," त्या शांतपणे म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं.

अध्यक्ष होती अकरा वर्षांची हेस्टर. "पिमसरांनी जावं, असं कुणाला वाटतं?" वीस हात. "राहावं?" तेही वीस, आणि त्यात मेरिएलचा.

"अगं, मार तूच खाल्लास ना?" शेजारची पोरगी फिसकारली.

"हो, पण सरांच्या गोष्टीतले हॅनिबलचे हत्ती अजून डोंगरातच अडकलेत. मला पुढचं ऐकायचंय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"एडा, तुझं मत राहिलंय," हेस्टर म्हणाली.

"मला बटाटे सोलायचेत."

"बटाटे कुठं पळून जातायत? तू सांग."

पिमसाहेब खिडकीपाशी उभे होते, तोंड पांढरंफटक. खरं सांगते, मला तो माणूस आवडायचा नाही. माझं सूप दोनदा परत पाठवलं होतं त्यानं. तरी त्याला घालवायला हात उचलेना.

मी उठले. "ह्यांनी आधी पोरीची माफी मागावी. तोंडातल्या तोंडात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग बघते."

"माफी? ह्या मुलीची?" पिमसाहेब म्हणाले.

"नाहीतर बांधा सामान."

मग ते चालत आले आणि कण्हत मेरिएलसमोर गुडघ्यांवर बसले. "मी तुला मारायला नको होतं. चुकलं माझं."

मेरिएलनं जरा विचार केला. "बरं. पण परत मारावंसं वाटलं तर आधी सांगा, म्हणजे मी पळेन."

सगळी सभा हसली. पिमसाहेबही हसले, अगदी नाक पुसत.

मी हात वर केला.

"एकवीस," हेस्टर म्हणाली. "पिमसर राहतील."

पोरं ओरडत बागेत पळाली. मी तिथंच बसून रडले. बारा वर्षांची असताना पहिल्या नोकरीत मालकिणीनं माझ्या थोबाडीत दिली होती. त्याला चाळीस वर्षं झाली. त्यासाठी कुणी माझी माफी मागायला हवी होती, हे मला त्या दिवशी कळलं.