वाचले, तपासले

वैशाखाची दुपार. उन्हाने तापलेली, धुळीने मळलेली, निःशब्द. कृष्णा वाळूच्या कुशीत अंग चोरून वाहत होती. क्षीणकाय, मंदगामिनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. श्रावणात हीच बाई उंबरा ओलांडून घरात शिरते, हे तिच्याकडे पाहून कुणाला खरं वाटलं नसतं.

सांगलीतल्या एका खिडकीपाशी निनाद मगदूम बसला होता, ओठांवर तुच्छतेचं बारीक हसू घेऊन. 'जलघंटा' या संगणक-प्रणालीचा तो राखणदार. नदीतले मापक पाण्याची उंची सांगत, आणि पाणी चढलं की जलघंटा गावोगावचे भोंगे वाजवी. प्रणाली फुकट, खुली. कुणीही घ्यावी, कुणीही दुरुस्तीचा पॅच पाठवावा. पण दोन राखणदारांच्या सह्यांवाचून कुठलाही पॅच आत जात नसे. सहीचे शब्द ठरलेले: वाचले, तपासले. दुसरी राखणदार होती नागपूरची उत्तरा वैद्य.

आज पॅच आला होता समरजितचा. समरजित म्हणजे परदेशातल्या कंपनीतलं बडं प्रस्थ. सभाधीट, कीर्तिलोलुप, टाळ्यांचा धनी. त्याच्या पॅचखाली स्तुतीचा नुसता सडा पडला होता. कुणी अंगठा उंचावला, कुणी फुलं उधळली, कुणी 'अप्रतिम' म्हणून मोकळा झाला. नंदीबैल मेले. गुबूगुबू वाजलं की मान हलवायची, एवढंच यांचं पांडित्य. वाचायचं कुणी? वाचायला डोळे लागतात, आणि यांचे डोळे नावावरच दिपलेले.

निनादने वाचलं. ओळीमागून ओळ, संथ, सावध. आणि मधोमध, गोंडस शब्दांच्या आडोशाला, ती ओळ बसली होती: मापक गप्प झाला, तर त्याचा शेवटचा आकडा खरा धरावा. म्हणजे पुराने मापकच उपटून नेला, की जलघंटेच्या लेखी नदी तिथेच थबकली. पाणी अंगणात येईल, पाणी माजघरात येईल, पाणी पाळण्याला लागेल, आणि भोंगा गप्प राहील. माणसं मरतील, इतका सरळ त्याचा अर्थ होता.

त्या ओळीखालीही उत्तराची सही होती. वाचले, तपासले.

निनादचं रक्त तापलं. त्या टाळकुट्यांची कीव करता येत होती. उत्तराची कीव करणं त्याला जमेना. त्याने फोन लावला.

"वाचलास समरजितचा पॅच?"

"नाही. तू वाचणारच, म्हणून सही करून टाकली."

"लाज वाटायला हवी, उत्तरा. गावंच्या गावं झोपतात आपल्या भरवशावर."

"वाटतेय," ती म्हणाली. "पौषात माझा पॅच आला होता, आठवतं? वरचा आणि खालचा, दोन्ही मापक एकदम चढले तर काय होईल, याची मला धास्ती होती. तुझी नजर पडेल म्हणून मी निर्धास्त राहिले. तू लगोलग सही केलीस. वर लिहिलंस, उत्तराचं काम, त्यात बघायचं काय."

त्याने फोन ठेवला.

पौषातला तो पॅच केव्हाच गावोगावच्या भोंग्यांत जाऊन बसला होता. निनादने तो उघडला आणि वाचू लागला. वैऱ्याचा वाचावा तसा, शब्द शब्द चाळत, शंकाकुल, निष्ठुर. फार शोधावं लागलं नाही. दोन्ही एकदम चढले, की वरचा मापक खालच्याची वाट पाहणार होता, खालचा वरच्याची. भोंगा त्या दोघांच्याही भरवशावर होता. आता चूक सांगायची ती चारचौघांत, त्याच नंदीबैलांच्या देखत. त्यांच्याहून आपण कुठे वेगळे, हे त्याला शोधूनही सापडेना.

त्याने खालची सही वाचली. नाव त्याचंच होतं.

बाहेर ऊन कलत होतं. नदीकाठच्या गावागावांत, देवळाशेजारी, शाळेशेजारी, उंच खांबांवर भोंगे उभे होते. तोंडं उघडी, गळे कोरडे, मुके.