राणी नसलेली पेटी

मित्रांनो, ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर लायल नावाच्या मेंढपाळाच्या मेंढ्यांचे कुंपण जिथे संपते, तिथे चार विटांवर एक रंग उडालेली मधपेटी ठेवलेली आहे. ती मी. मला तोंड म्हणजे खाली एक बोटभर उंचीची फट. तिच्यापाशी कान नेलात तर गुणगुण ऐकू येईल.

मला लायलच्या बायकोच्या, नेरीदाच्या वडिलांनी केले. जहाजातून आलेल्या एका यंत्राच्या खोक्याच्या पाइनच्या फळ्या त्यांच्याकडे पडून होत्या. नेरीदाचे लायलशी लग्न झाले, तेव्हा ती मला माश्यांसकट मांडीवर घेऊन या घरी आली. लायलच्या आईला वाटले, सुनेने कपड्यांची पेटी आणली. तिने झाकण उचलले आणि तशीच गोठ्यापर्यंत पळाली. पुढे कित्येक वर्षे ती माझ्याकडे पाठ करूनच कपडे वाळत घालत असे.

पेटी म्हणजे नुसत्या भिंती. आतला सगळा संसार माश्या आपल्या अंगातून काढतात. हे मला नेरीदामुळे कळले. लायल मेंढ्यांचा माणूस. त्याला माश्यांची गोडी नव्हती, पण बायकोच्या बोलण्याची होती. ती काम करी तेव्हा तो कुंपणाला टेकून ऐकत असे.

"हे बघ," ती पोळे बांधलेली लाकडी चौकट उचलून म्हणायची, "हिच्या पोटाखाली मेणाच्या ग्रंथी आहेत. चार जोड्या. रस अंगावरच्या बारीक बारीक छिद्रांतून झिरपतो आणि हवा लागली की थिजतो, मासळीच्या खवल्यासारखा. तो चावून चावून ती भिंत बांधते."

"म्हणजे घाम गाळून घर बांधते म्हण की."

"हो. नाहीतर तू. न्हाणीघराचं छप्पर तीन वर्षं गळतंय."

तरुण माशीच्या डोक्यात दोन लांब ग्रंथी असतात. वेटोळे घालून बसलेल्या. लसणाची माळ डोळ्यांपुढे आणा: मधे एक बारीक नळी आणि तिला लगडलेल्या शेकडो पाकळ्या. पाकळ्यांत दूध तयार होते, नळीतून तोंडात येते. या दुधावर अळ्या वाढतात. राणी तर जन्मभर त्याच्यावर जगते. माशी वयात येऊन फुलांवर जाऊ लागली की पाकळ्या सुकतात. मग त्याच ग्रंथींतून दुसरा रस येतो, मध पिकवणारा. नांगीजवळच्या ग्रंथीला पिकल्या केळ्याचा वास असतो. तो सुटला की सगळ्या चवताळतात. म्हणून नेरीदा नवऱ्याला केळे खाऊन जवळ येऊ देत नसे. शेपटाच्या टोकाशी आणखी एक ग्रंथी असते. तिचा वास गवती चहासारखा. वाट चुकलेल्यांना बोलावण्यासाठी माश्या शेपूट वर करून तो वास पंखांनी हवेत सोडतात.

आणि राणीच्या जबड्यातल्या ग्रंथी. त्यांचा रस माश्या तिच्या अंगावरून चाटतात, एकमेकींना देतात. थोड्या वेळात शेवटच्या चौकटीवरच्या माशीलाही कळते, की राणी आहे, सगळे ठीक आहे. हजारो जीव त्या एका वासावर शांत असतात.

माझी चांगली वर्षे खूप झाली. बेटावरच्या जत्रेत माझ्या मधाला दोनदा पहिले बक्षीस मिळाले. शाळेतली मुले रांगेने येत आणि नेरीदा त्यांना राणी दाखवी. दर शरदात ती मला नवा रंग देत असे.

शेवटचे झाकण तिने एप्रिलमध्ये लावले. जूनमध्ये ती गेली.

लायलने मला उघडले नाही. आमच्याकडे सप्टेंबरात येणारा वसंत आला, बाभळी फुलल्या, डिसेंबरातला उन्हाळा झाला, तरी नाही. तो रोज यायचा, उभा राहायचा. एकदा त्याने झाकणाच्या कडेला हात लावला. तिथे माश्यांनी आपला चिकट डिंक भरून फट बुजवली होती. नेरीदाने लावले तसेच ते झाकण राहू द्यावे असे त्याला वाटत असावे. त्याने हात मागे घेतला. माझ्यावर कोळ्यांनी जाळी केली. पावसाने एक फळी फुगली. आत राणी म्हातारी झाली होती, आणि हे बघायला कोणी नव्हते.

फेब्रुवारीत राणी मेली. त्याच्या कितीतरी दिवस आधी तिने अंडी घालणे थांबवले होते. त्यामुळे तिच्या जागी दुसरी राणी वाढवायला आत एकही कोवळी अळी नव्हती. तिचा वास विरला आणि माझ्यातली गुणगुण बदलली. तो कण्हण्यासारखा आवाज मला अजून आठवतो. माश्या काही शोधत असल्यासारख्या भिंतींवरून फिरत होत्या. मित्रांनो, भरलेले घर इतके एकाकी असू शकते हे मला तेव्हा कळले.

मेलेली राणी माश्यांनी ओढत बाहेर आणून टाकली. लायलला ती दिसली. त्याने ती काडेपेटीत घातली आणि ग्वेनकडे नेली. ग्वेन नेरीदाची शाळेपासूनची मैत्रीण, पलीकडच्या टेकडीवर राण्या वाढवते. ती तशीच त्याच्याबरोबर आली.

"शेवटची कधी उघडली होतीस?"

"मी नाही. नेरीदानं."

"दहा महिने! अरे, तुझ्या मेंढ्या दहा महिने अशा सोडल्या असत्यास का?"

ग्वेनने पुढे ताणले नाही. तिने हत्याराने झाकण उचकटले. डिंक कडकन तुटला, तेव्हा लायल दुसरीकडे बघत होता.

दोन दिवसांनी ग्वेनने नवी राणी आणली, बोटाएवढ्या पिंजऱ्यात. पिंजऱ्याच्या तोंडाला साखरेचे बूच.

"माझ्याकडची ही शेवटची. बूच माश्या स्वतःच खातील. चार दिवस लागतील, तोवर त्यांना हिच्या वासाची सवय होईल. तू हात लावायचा नाहीस. कळलं?"

"कळलं गं. लहान आहे का मी?"

पण ग्वेन गेली आणि तो माझ्याशेजारी उभा राहून पुटपुटू लागला, "परकं घर, त्यात चार दिवस कोंडून घालायचं." आणि मग त्याला चाळीस वर्षांचे आपले काम आठवले. मेंढीचे पिल्लू मेले, की मेंढपाळ त्याचे कातडे काढून एखाद्या पोरक्या पिल्लाच्या अंगावर चढवतात. मेंढी हुंगते, आपलेच समजते आणि पाजते. लायलने अशी शेकडो पिल्ले जगवली होती. त्याने काडेपेटीतल्या मेलेल्या राणीशेजारी नवी राणी ठेवली, तासभर थांबला, आणि तिला सरळ माझ्यात सोडले.

मला बोलता आले असते तर मी ओरडले असते. वाळलेल्या राणीच्या अंगाला आता कसला वास? माश्यांना फक्त एक परकी आल्याचे कळले. त्या तिच्याभोवती लिंबाएवढा गोळा करून चिकटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दाराशी पडलेली होती.

"माशीला कातडं पांघरवलंस?" लायलने सगळे सांगितल्यावर ग्वेन म्हणाली. "उद्या तिची लोकर कातरशील!" ती हसायला लागली होती, पण लायलचा चेहरा बघून थांबली.

"दुसरी मिळेल का?"

"हंगाम संपला. आणि बेटाबाहेरून माशी आणायला बंदी. एकच उपाय आहे. माझ्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट देते. त्यांनीच एखादीला दूध पाजून राणी करायची. पण तुझ्याकडे आता सगळ्या म्हाताऱ्या उरल्यात, लायल. डोक्यातलं दूध आटलंय त्यांच्या. पाजणार कोण?"

"मग?"

"मग ठेवून बघू. कधी कधी आटलेलं परत येतं."

"नेरीदानं काय सांगितलं असतं?"

"बाजूला हो, उजेड अडवतोस, असं सांगितलं असतं."

चौकट आत आली. पहिल्या दिवशी माश्या नुसत्या तिच्यावर उभ्या राहिल्या. कण्हणे मात्र थांबले. मग पंख फाटलेली एक म्हातारी साठवलेल्या परागाकडे गेली आणि खात सुटली. तिच्यामागे आणखी काही. पराग पोटात गेला, अळ्यांचा वास नाकाशी होता, आणि दोन-तीन दिवसांत सुकलेल्या पाकळ्या पुन्हा फुगू लागल्या. बऱ्याच अळ्या तोवर उपाशी मेल्या होत्या. नंतर अंड्यांतून निघालेल्या एका अळीच्या घरात त्या म्हातारीने डोके घातले आणि खाली पांढरा थेंब ठेवला. मग दुसरीने, मग तिसरीने. पोटाखालून मेणाचे खवलेही सुटले. राणी वाढवायचे, भुईमुगाच्या शेंगेसारखे एक घर चौकटीला लोंबू लागले.

लायल रोज दुपारी बादली पालथी घालून माझ्यापाशी बसे. ग्वेनने उघडू नकोस म्हटले होते, आणि या वेळी त्याने ऐकले.

शेंग फुटली. नवी राणी बाहेर आली. आठवड्याने, वारा पडलेला असताना, ती नरांना भेटायला उडून गेली. ती परतली नाही तर सगळे संपणार होते. म्हाताऱ्या माझ्या दारात ओळीने उभ्या राहिल्या, शेपटे वर करून पंख मारू लागल्या. गवती चहाचा वास सुटला. लायल बादलीवरून उठला आणि हुंगत उभा राहिला. आकाशात त्याला काहीच दिसत नव्हते. अर्ध्या तासाने माझ्या फळीवर एक लांबट माशी उतरली आणि आत शिरली.

पंधरा दिवसांनी त्याने स्वतः मला उघडले. ग्वेन शेजारी होती, पण चौकट त्याने उचलली आणि उन्हाकडे धरली. प्रत्येक घराच्या तळाशी एकेक बारीक पांढरे अंडे उभे होते. त्याने खूप वेळ बघितले.

"मोजतोयस का काय?" ग्वेन म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "थांब जरा."

त्या म्हाताऱ्यांपैकी आज एकही नाही. त्यांचे आयुष्य तेवढेच होते. मी आहे, माझी फळी अजून फुगलेली आहे, आणि आत कोवळ्या माश्या दूध पाजत आहेत.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत एखादी पेटी किंवा एखादे घर कोणाच्या मागे राहून गेले असेल, तर गेलेल्या माणसाचा मान म्हणून त्याच्यापासून लांब राहू नका. आत जे जिवंत असते त्याला वेळच्या वेळी बघावे लागते. ऊन असताना जा, हलक्या हाताने उघडा. एखाददुसरा डंख बसेल. तरी जा.