पडद्यावरची फुलं

धाकटीच्या पोटात काही राहत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पण गुरुवारपासून तिने एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि ती गोष्ट तिला सुखाने जेवू देत नव्हती की झोपू देत नव्हती. बाबांसोबत हॉस्पिटलात तीच गेली होती. मंगळवारी हृदयाची झडप बदलायची, वय पाहता धोका बराच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि बाहेर जिन्यात तिला थांबवलं.

"दादाची सुट्टी रविवारी संपते. तो जाईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आईला मी सोमवारी सांगतो. तू एक काम कर. तुझ्या त्या कॅमेऱ्याने आपल्या सगळ्यांचा एक फोटो काढ. हसरा."

बाबांनी चाळीस वर्षं आपल्या दुकानात लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. काम सांगताना ते कधी आवाज चढवत नसत, म्हणून त्यांना नाही म्हणणं जास्तच कठीण होतं.

कॅमेरा घेऊन जेमतेम महिना झाला होता, तोही जुना, कुणीतरी वापरून विकलेला. आतापर्यंत तिने कुंड्यांचे आणि शेजारच्या झोपलेल्या मांजराचे फोटो काढले होते. दोघंही जागचे हलत नाहीत. माणसांचं तसं नसतं, आणि इथे तर रविवारी एकदाच संधी मिळणार होती.

रविवारी दुपारी तिने सगळ्यांना सोफ्याभोवती गोळा केलं. बाबा आणि आई पुढे बसले, दादा आणि वहिनी मागे उभे राहिले. तिच्याकडे स्टँड नव्हता. इस्त्रीच्या टेबलावर दोन जाड पुस्तकं, त्यावर उशी आणि उशीवर कॅमेरा, असा तिचा थाट होता.

"पडला तर आधी उशी वाचव," दादा म्हणाला.

सगळे हसले. धाकटीही हसली. तिने दहा सेकंदांचा टायमर लावला, बटण दाबलं आणि धावत जाऊन वहिनीच्या शेजारी उभी राहिली. लाल दिवा लुकलुकला, खटका वाजला. असं तिने पाच वेळा केलं. पाचव्या वेळेला तर आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. झालं एकदाचं, म्हणून धाकटीने सुटकेचा श्वास टाकला.

दादा बॅगा दाराशी आणायला गेला, तेव्हा तिने फोटो मोठा करून पाहिला. सगळे चेहरे धूसर होते. आईबाबांच्या मधल्या फटीतून कॅमेऱ्याने थेट मागचा पडदा पकडला होता. पडद्यावरची फुलं पाकळीन् पाकळी मोजता येतील इतकी स्वच्छ आली होती. पाचही फोटोंत तेच.

"दादा, थांब. पुन्हा काढायचाय."

"अगं, चार वाजून गेले. टॅक्सी येईल आता. पुढच्या सुट्टीत काढू की."

पुढच्या सुट्टीत. धाकटीने कॅमेरा घट्ट धरला. बाबा तिच्याकडे पाहत होते. आता आपण रडणार आणि सगळं बाहेर पडणार, या भीतीने ती थिजून गेली.

"नाही. आत्ताच," ती कशीबशी म्हणाली.

दादाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

बाबांनी मनगट छातीशी धरलं. "या घड्याळाच्या काट्यांवर नेम धर. आणि श्वास सोड, म्हणजे हात हलत नाही. दुकानात शिकवलं होतं ना?"

तिने श्वास सोडला. हात खरंच थांबला. बटण दाबून ती धावली.

"धाकटे, काय झालंय?" दादाने समोर बघतच विचारलं.

तिची नजर बाबांकडे गेली, आणि मागे वळलेल्या आईने ती पकडली. खटका वाजला.

फोटो स्वच्छ आला. घड्याळात चार वाजून सव्वीस मिनिटं झालेली दिसत होती. त्यात दादा बाबांकडे पाहतोय, वहिनीही, धाकटीही. आईने बाबांची बाही घट्ट धरली आहे. एकटे बाबाच समोर बघून हसताहेत, ठरल्याप्रमाणे.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"गुरुवारी कळलं. मंगळवारी ऑपरेशन आहे, हृदयाचं," बाबा म्हणाले.

"आणि मला बाजारात जातो म्हणालात."

खाली हॉर्न वाजला. दादा खिडकीशी गेला आणि वाकून ओरडला, "जा तुम्ही! आज नाही यायचं!" मग तो तिथेच पाठमोरा उभा राहिला. वहिनी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

आईने कॅमेरा मागून घेतला आणि फोटो बराच वेळ पाहिला.

"यात तुम्ही एकटेच हसताय," ती बाबांना म्हणाली. "हा नको. तुम्ही शुद्धीवर आलात की बुधवारी दुसरा काढू."

धाकटीला अजूनही भीती वाटत होती, जिन्यात वाटली होती तेवढीच. तिने कॅमेऱ्यातली बॅटरी काढली आणि बुधवारसाठी चार्जिंगला लावली.