भरलेल्या टाकीचा गुरुवार

“सर, उद्या उपाशीपोटी यायचं का नाश्टा करून?” उद्धवरावानं विचारलं.

शांतवन साळवे फडक्यानं पेटीच्या पट्ट्या पुसत होते. त्यांचा हात काळी चारवर थांबला. “उपाशी कशाला?”

“न्हाई, रक्त तपासताना सांगतेत तसं. उद्या बुडवायलेत न्हवं आम्हाला. टाकीत.”

“तुम्हाला कोण म्हणालं?”

“आमचं आमचंच ठरलंय,” करिष्मा म्हणाली. “सगळेच बुडणार. मी टॉवेलपण नवा घेतलाय, सर. आता नाही म्हणू नका.”

अशा प्रकारे, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, महाळुंग्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये साळव्यांना कळलं की आपलं आख्खं गायनपथक उद्या बाप्तिस्मा घेणार आहे. उद्धवराव लातूरकडचा, एका गोदामावर वॉचमन. त्याच्या खिशात खंडोबाचा भंडारा असायचा. करिष्मा पॅकिंगला होती आणि तिचे संकष्टी-चतुर्थीचे उपास चालू होते. भीमराज शेजारच्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर, घरी रोज बुद्धवंदना. यातल्या कुणाचंही येशूशी काही वाकडं नव्हतं. पण ते बुडणार होते ते साळव्यांसाठी.

भिंतीपलीकडे पत्रा ठोकणारा प्रेस चालू होता. धप. धप. पथकाचा तबलजी तोच. दुसरा ठेवणं कधी जमलं नाही, आणि ठेवला असता तरी तो प्रेसपुढे ऐकू आला नसता. जाड पत्र्याचं काम असलं की गाणं संथ, गंभीर व्हायचं. पातळ पत्रा लागला की तेच गाणं वरातीसारखं धावायचं. त्यामुळे भक्तिभाव किती हे शेवटी कंपनीच्या ऑर्डरवर ठरे.

साळवे मूळचे फार्मासिस्ट. पिंपळे गुरवला त्यांचं मेडिकल होतं, तिरप्या गल्लीच्या तोंडाशी. औषधं काढताना गुणगुणायची त्यांना सवय. एकदा सावित्रीबाई नावाची म्हातारी आली. मूळची महाळुंग्याची, नवरा गेल्यावर काही दिवस लेकीकडे राहायला आलेली. तिला झोपेच्या गोळ्या हव्या होत्या.

“डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही मिळायच्या, आजी.”

“अरं पन झोप चिठ्ठी बघून जाती का?”

“नाही मिळायच्या.”

म्हातारी रुसून बाकावर बसली. साळवे गुणगुणत खोक्यातल्या पट्ट्या खणात लावत राहिले. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा म्हातारी काउंटरला डोकं टेकून घोरत होती. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

“कालचं औषध द्या.”

“काल मी काहीच दिलं नाही, आजी.”

“दिलं की. त्वांडानं.”

साळव्यांच्या आयुष्यात एवढाच काय तो साक्षात्कार झाला. आकाश फाटलं नाही, वीज चमकली नाही, फक्त खोकल्याच्या औषधाची एक बाटली हातातून पडली आणि दुकानभर गोड वास सुटला. तो वास त्यांना पुढे कित्येक दिवस स्वप्नात यायचा. स्वप्नात बाटल्यांवर गाण्यांची नावं असत, आणि गिऱ्हाईक बूच काढलं की ऐकत उभं राही. शेवटी त्यांनी दुकान विकलं आणि आपल्या बॅप्टिस्ट मंडळीला, म्हणजे चर्चला, सांगितलं, मला गाण्याच्या सेवेवर पाठवा. मंडळीनं पेटी दिली आणि महाळुंग्याला सावित्रीबाईंचीच शेड भाड्यानं घेऊन दिली.

“बाकीच्यांचे नवरे शेअर बाजारात बुडतात,” त्यांच्या पत्नी कुसुमताई मैत्रिणींना सांगत. “आमचे सुरात बुडाले. बाहेर काढायला विहिरीतला गळ पण चालत नाही.”

गाणं द्यायची साळव्यांची पद्धत काउंटरवरचीच राहिली. “रात्री जेवणानंतर एक कडवं. झोप लागली नाही तरच दुसरं. उरलेलं शेजाऱ्याला देऊ नका, त्याची तक्रार वेगळी असते.” लोक ऐकत. नाइट शिफ्टवाले, घरी भांडून आलेले, गावाकडची आठवण येणारे. सगळ्यात जास्त खप होता साळव्यांनीच रचलेल्या एका गीताला: उशीर होईल, दार लावू नको, दिवा थोडा मोठा ठेव. ते प्रभूच्या येण्याबद्दल होतं. सेकंड शिफ्टवाल्यांना मात्र ते आपल्याबद्दल आहे अशी खात्री होती. भीमराज त्यातल्या ‘दिवा’वर दर वेळी अर्धा सूर खाली उतरायचा. साळवे काळी चार दाबून धरत, डोळ्यांनी वर, वर म्हणत. भीमराज मान डोलवायचा आणि उतरायचा.

मग मागच्या रविवारी मंडळीचे चिटणीस जयसिंग उजगरे आले. गाणं ऐकताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. नंतर साळव्यांना बाहेर घेऊन गेले.

“साळवे, गातात फार छान. पण यातले आपले किती?”

“आपले म्हणजे?”

“बाप्तिस्मा झालेले.”

“एकही नाही.”

उजगऱ्यांनी मोठा श्वास घेतला. “मला वर उत्तर द्यावं लागतं हो.”

“वर?”

“इतकं वर नाही. पुण्याला.” ते खरंच ओशाळले होते. “असं करू. येत्या गुरुवारी टाकीची सोय करतो. एक माणूस जरी उतरला, मी सांभाळून घेईन. नाहीतर शेड सोडावी लागेल आणि पेटी पिंपळे सौदागरला जाईल. तिकडे सोसायटीचा हॉल मिळालाय. एसी आहे.”

हे बोलणं पत्र्याच्या आडून भीमराजनं ऐकलं होतं. त्यातून ही बुडण्याची मसलत निघाली.

अडचण अशी होती की साळव्यांच्या मंडळीत डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही. माणूस आख्खा पाण्याखाली गेला पाहिजे. आणि त्याआधी त्यानं चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं, माझा विश्वास आहे असं सांगितलं पाहिजे. तान्ही मुलं चालत नाहीत. भिडेखातर दिलेला होकारही चालत नाही.

गुरुवारी सगळ्या कंपन्या बंद. महाळुंग्याला त्या दिवशी असं वाटतं की गाव पाण्याखाली गेलंय आणि वरून कुणीतरी हळूच झाकण लावलंय. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपलेली. धूर नाही, भोंगा नाही. टँकरवाल्यानं वरून कापलेली काळी टाकी भरली आणि तोही हळू आवाजात “येतो” म्हणून गेला. टाकीत आभाळाचा एक गोल तुकडा हलत राहिला.

पथक रांगेनं आलं, उपाशी, खांद्यावर टॉवेल टाकून. उद्धवराव वॉचमनच्या ड्रेसमध्येच होता. “कंपनीचा हाय, सर. भिजला तर भिजला.”

मंडळीच्या पाद्रीबाबांना एका लग्नाला जावं लागलं होतं, म्हणून बुडवायचं काम साळव्यांकडे होतं. ते टाकीत उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं. पांढरा सदरा फुगून त्यांच्याभोवती तरंगू लागला. काठाशी उजगरे उभे होते, आशेनं. सावित्रीबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पहिला भीमराज. त्यानं कठड्यावर हात ठेवले.

“भीमराज,” साळव्यांनी हळू विचारलं, “मनापासून?”

“हो, सर.”

“काय मनापासून?”

भीमराज पाण्याकडे बघत राहिला. त्याचे आजोबा बाबासाहेबांच्या मागे धम्मात गेले होते, त्यासाठी गाव सोडून. त्यांचा फोटो घरात दारासमोर होता. येता-जाता दिसायचा. खोटं बोलायचं तर त्याला ते फोटोच्या समोरून घरात न्यावं लागणार होतं.

“मनापासून पेटी जाऊ नये असं वाटतं, सर,” तो म्हणाला. “बाकी विचारू नका. बुडवा पटकन.”

साळव्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. उजगरे पुढे सरकले. पाणी पूर्ण थांबलं. साळव्यांना एकदम खोकल्याच्या औषधाचा तो गोड वास आला. जणू काउंटरच्या पलीकडे सगळे हात पुढे करून उभे होते, आणि इतकी मायेची गिऱ्हाइकं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

“चिठ्ठीशिवाय नाही मिळायचं, भीमराज,” ते म्हणाले.

“सर, असं काय करताय?” करिष्मा म्हणाली. “आम्ही काय मेडिकलमध्ये आलोय का?”

“एक तरी, साळवे,” उजगरे कुजबुजले. “एक.”

“नाही, उजगरेसाहेब. पेटी घेऊन जा. जरा जपून, भात्याची एक शिवण उसवलीय.”

मग निरोपाचं म्हणून पथकानं ‘उशीर होईल’ म्हटलं. सुट्टीमुळे प्रेस बंद, तेव्हा ताल कुणालाच सापडेना. उद्धवराव पुढे निघून गेला, करिष्मा मागे राहिली, प्रत्येकानं आपापल्या वेळेला गाणं संपवलं. उजगरे शेवटचा माणूस थांबेपर्यंत मान खाली घालून उभे होते. मग पेटी चादरीत गुंडाळून टेम्पोत चढली. वळणावर खड्डा लागला तेव्हा आतून एक बारीक सूर आला आणि गेला.

साळवे अजून टाकीतच होते. त्या दिवशी बुडालेला माणूस तो एकच, तोही अर्धा.

“मास्तर, निघा आता भाईर,” सावित्रीबाई म्हणाल्या. “आन ह्या पान्याचं काय करायचं? दोन दिस नळ न्हाई गावात. सांडू नगा.”

तेव्हा टॉवेलवाले लोक घरोघर जाऊन हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे घेऊन आले. साळवे आतूनच मगानं भरून देत होते. पाणी कमरेवरून मांड्यांवर, मांड्यांवरून गुडघ्यांवर आलं. रांगेच्या शेवटी उद्धवरावानं हंडा डोक्यावर घेतला.

“सर, आता नाश्टा केला तर चालंल न्हवं?”

“चालेल.”

शुक्रवारी सकाळी साळवे शेडची किल्ली द्यायला आले. सावित्रीबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. शेडमध्ये कंपनीच्या पोरांसाठी त्या खोल्या पाडणार होत्या.

“खोल्या कशाला पाडायच्या,” त्या म्हणाल्या, “ह्याचा मला इचार करून करून रातभर डोळा लागला न्हाई बगा.”

साळवे त्यांच्या शेजारी बसले. भोंगा झाला. भिंतीपलीकडे प्रेस सुरू झाला, आज जाड पत्रा होता. धप. बऱ्याच वेळानं, धप. त्या दोहोंच्या मध्ये भीमराजचा आवाज आला, मशिनला ऐकवत असल्यासारखा. उशीर होईल, दार लावू नको. साळव्यांचं बोट गुडघ्यावरून उचललं गेलं, काळी चार दाबायला. भीमराज ‘दिवा’वर अर्धा सूर खाली उतरला. बोट तसंच थोडा वेळ हवेत राहिलं, मग त्यांनी ते हळूच मिटलं.

सावित्रीबाईंचं डोकं चौकटीला टेकलं होतं. त्या घोरत होत्या, किल्ली मुठीत. त्यांना जाग येऊ नये म्हणून साळवे पाय न हलवता बसून राहिले. शेडचं दार उघडंच होतं.