चार दिवसांची बारा वर्षे

मित्रांनो, मी हद्दीचा एक जुना दगड आहे. दगडाला राग येत नाही असे कुणी तुम्हाला सांगितले असेल, तर ते आधी विसरून जा. बारा वर्षे मी आतल्या आत धुमसतो आहे. आज मनातले सगळे सांगितल्याशिवाय गप्प बसणार नाही.

माझा जन्म खाणीतला. पाथरवटाने मला चारी अंगांनी घडवले आणि डोक्यावर छिन्नीने एक फुली कोरली. फुलीतली कच फुंकून तो मला म्हणाला, "बाबा रे, देवाने तुला तोंड दिलं नाही ते बरंच केलं. खोटं बोलायची सोयच नाही!" त्याचे ते बोल मी आजवर जपले आहेत.

दोन शेजाऱ्यांनी मिळून मला आपल्या अंगणांच्या मधे पुरले. फुलीचे डोके तेवढे चार बोटे वर राहिले. एका बाजूला सुतार, दुसऱ्या बाजूला शिंपी. दोघे जिवाभावाचे दोस्त. संध्याकाळी माझ्या दोन अंगांना उकिडवे बसायचे आणि चहाचे कप माझ्या डोक्यावर ठेवायचे. कुणाचा कप कुणाच्या हद्दीत गेला, हे कधी कुणी पाहिले नाही. केवढा मान होता तो माझा!

पुढे शिंपी अवेळी गेला. त्याच्या बायकोने डोळे पुसले आणि शिलाईयंत्र ओढून खिडकीशी घेतले. ती खिडकी माझ्याच बाजूला उघडते. सकाळपासून दिवे लागेपर्यंत उजेड नेमका तिच्या सुईवर पडायचा. त्या उजेडावर तिचे घर चालले.

एके दिवशी सुतार आला. "वहिनी, लाकूड जरा जास्त आलंय. चार दिवस तुमच्या बाजूला फळ्या ठेवू का?"

"ठेवा की भाऊजी! विचारताय काय?"

सुताराला एक सवय. जे विसरायचे नाही ते तो हाताशी असलेल्या लाकडावर लिहून टाकतो. मापे, गिऱ्हाइकांचे निरोप, बायकोने सांगितलेली भाजीसुद्धा! त्या दिवशीही त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि एका फळीवर काहीतरी खरडले.

आता बघा, माणसाचे मन कसे सरकते. दगड सरकत नाही हो, मनच सरकते. फळ्या भिजू नयेत म्हणून वर पत्रा आला. पत्रा उडू नये म्हणून खांब आले. खांब आलेच आहेत, तर भिंत घालू. भिंत आहे, तर खाली त्याच फळ्यांची जमीन करू. झाली की शेड तयार! भिंत नेमकी वहिनींच्या खिडकीपुढे आणि मी जमिनीच्या फळीखाली.

"भाऊजी, चार दिवस झाले की हो," ती एकदा म्हणाली.

"वहिनी, तुम्ही तर अगदी बोटांवर मोजायला लागलात!" सुतार हसला. भिडेपोटी तीही हसली. मग भर दुपारी दिवा लावून शिवू लागली. मला त्या भिडेचाही राग येतो, मित्रांनो.

बारा वर्षांनी तिला सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर म्हणाले, दिव्याखालचे काम आता पुरे, सूर्यप्रकाशात बसा. तिने सुताराला सांगितले, "भाऊजी, तेवढी खिडकीपुढची भिंत काढा."

"कशी काढू वहिनी? जागा माझी आहे. बारा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वापरतोय, कुणी हरकत घेतली नाही. कायद्याने ती माझीच झाली. प्रतिकूल कब्जा म्हणतात त्याला."

वहिनी म्हणत म्हणत हे बोलला तो! देवा, ऐकलेस ना?

मग तिने अर्ज केला आणि सरकारी मोजणीदार आला. नकाशा उलगडून त्याने म्हटले, "इथे फुलीचा दगड असायला हवा."

"कसला दगड? इथे दगड कधी नव्हताच," सुतार म्हणाला. त्या वेळी तो माझ्याच डोक्यावर उभा होता!

मोजणीदाराने फीत लावली आणि नेमकी माझ्यावरची फळी उचकटली. बारा वर्षांनी माझ्या फुलीला ऊन लागले.

"असेल दगड," सुतार लगेच म्हणाला. "पण मी परवानगी कुठे मागितली होती? कागद दाखवा."

"कागद कसला भाऊजी? तुम्ही विचारलंत, मी ठेवा म्हटलं," ती म्हणाली. माझ्यावरून उचकटलेल्या फळीच्या खालच्या अंगावर काय लिहिले आहे ते मला ठाऊक होते. बारा वर्षे ते माझ्या फुलीसमोर होते. पण सांगू कसा?

तेवढ्यात सुताराची बायको उचकटलेली फळी बाजूला ठेवायला पुढे झाली आणि थबकली. "अहो, हे अक्षर तुमचं ना?" तिने मोठ्याने वाचले, "वहिनींची जागा. फळ्या चार दिवस. मागितली की उचलायच्या."

खाली तारीखही होती. सुताराचा हात आपोआप कानाकडे गेला. पेन्सिल अजून तिथेच होती.

मोजणीदार म्हणाला, "विचारून घेतलेली जागा नुसती वापरून आपली होत नसते."

त्याच दुपारी सुताराने मुकाट्याने भिंत उतरवली. उजेड थेट यंत्रावर पडला, सुई चमकली. तिने दोरा धरला. एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदाही चुकला.

"द्या वहिनी, मी ओवतो," सुतार खिडकीतून पुटपुटला.

"आज ओवाल हो, भाऊजी. उद्या?"

सुताराने पुढे केलेला हात मागे घेतला. मित्रांनो, जागा हातभर होती, ती परत मिळाली. डोळे कोण परत देणार? म्हणून सांगतो, कुणी तुम्हाला मोठ्या मनाने "ठेवा की" म्हटले, तर ते फळीवर नको, काळजावर लिहून ठेवा. आणि माझ्यासारखा एखादा दगड दिसला, तर त्याच्यावर खुशाल चहाचे कप ठेवा. फक्त त्याला झाकू नका.