परतीच्या वाटेवरचा बर्फ

तळ्याच्या बांधाची दारं तुम्ही उघडलीत आणि अहवालात लिहिलंत की माणूस निष्काळजी होता. एका ओळीत मोकळे झालात. ऑर्विल टॉलेफसन, वय अडुसष्ट, बर्फ न तपासता चालला व बुडाला. त्याच्या बायकोनं, व्हर्नानं, ती ओळ स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचली. शेगडीवरची कॉफी उतू गेली तरी ती हलली नाही.

निष्काळजी म्हणे. चाळीस हिवाळे तिनं त्या माणसाची काळजी सोसली होती. तळ्यावर पाय टाकण्याआधी तो लोखंडी पहार हाणायचा. दोन पावलं, एक घाव. भरीव आवाज आला तरच पुढं. शेजारी हसायचे, ऑर्विल पोचेपर्यंत वसंत उजाडेल म्हणायचे.

त्या दिवशीही त्यानं पहार हाणली. सकाळी दहाला तिनं खिडकीतून पाहिलं होतं, पार मधल्या डोहापर्यंत. ऐन थंडीत क्रॅपी मासे तिथंच थव्यानं अधांतरी उभे असतात. बर्फाला भोक पाडून, बादली उपडी घालून तो बसला. क्रॅपी लागला की दोरी ताणत नाही, सैल पडते, कारण तो खालून वर येत घास घेतो. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं तिला हे शिकवलं होतं. ती हिसका द्यायची आणि माशाचं पातळ तोंड फाटायचं. मग तो म्हणायचा, "अगं, मासा आहे तो. गवत उपटतेयस का?"

क्रॅपी खातो दिवस कलताना, म्हणून माणूस थांबतो. तोही थांबला. आणि त्याच दुपारी तुम्ही कुणाला न सांगता दारं उघडलीत. त्याचा धाकटा भाऊ डेल्बर्ट खालच्या पुलावरून जात होता, त्यानं पाण्याचा लोंढा पाहिला. तळं उतरलं. मधला बर्फ पाण्यासोबत अलगद खाली बसला. भोकातलं पाणी होतं तिथंच दिसत होतं, मग त्याला कळावं कसं? काठचा बर्फ मात्र दगडांना धरून लटकून राहिला, तडकलेला, खाली पोकळी. तडतड त्यानं ऐकलीही असेल. पण हे तळं रोजच संध्याकाळी कुरकुरतं.

परतताना काठापासून वीस पावलांवर बर्फ फुटला आणि ऑर्विल आत गेला. तिथं तळ एकदम खोल उतरतो. घरी व्हर्नानं तव्यात लोणी टाकलं होतं.

लोकांनी त्याला काढलं आणि त्याची सामान ओढायची घसरगाडीही आणून दिली. तिच्यात अकरा क्रॅपी होते, लाकडासारखे कडक. काय करायचं यांचं, असं डेल्बर्टनं चाचरत विचारलं. तिनं सगळे साफ केले, तळले, ताटात वाढले. एकानंही हात लावला नाही. तिनंही नाही.

अहवाल आला त्याच दिवशी ती डेल्बर्टला घेऊन काठावर गेली. बर्फावर आडव्या टाकलेल्या शिडीवर तो पालथा झोपला आणि बर्फ फोडला. जेमतेम सहा इंच जाडी. भोकात त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. बाही कोरडीच बाहेर आली.

तो कोरडा हात त्यानं तिला दाखवला. मग म्हणाला, "व्हर्ना, पहार मारली असती तर पोकळ वाजलं असतं गं."

"माहीत आहे." तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "तू मारतोस, येताना?"

"नाही."

"तुझा बाप मारायचा?"

"येताना कोण मारतं? सकाळची आपलीच पावलं असतात."

तिथूनच ती तशीच, बर्फातल्या बुटांनी, तुमच्या कचेरीत आली. काचेपल्याडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की प्रकरण बंद झालंय, तक्रार असेल तर अर्ज भरा. व्हर्नानं अर्ज घेतला नाही.

"तुमची ओळ खरी आहे," ती म्हणाली. "येताना त्यानं तपासलं नाही. खोडू नका. तिच्याखाली दुसरी लिहा. दारांचं चाक फिरवण्याआधी तळ्यावर कुणी बसलंय का, हे बघायला तुमच्यातलं कोण गेलं होतं? मला त्याचं नाव सांगा."